नळाचं की जारचं? कोल्हापुरातल्या एका अपार्टमेंटच्या पाण्याचं प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून इमारतीचे आणि माणसांचे काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

कळंबा रोडपासून थोडी आत असलेली चार मजली अपार्टमेंट. २४ फ्लॅट, खाली पार्किंग, पार्किंगच्या फरशीखाली १०,००० लिटरची टाकी आणि गच्चीवर दोन टाक्या. महापालिकेचं पाणी ठराविक वेळेत खालच्या टाकीत पडतं, मोटरने वर चढतं आणि तिथून घरोघरी उतरतं. पाणी कमी पडलं की मागच्या अंगाची बोअर सुरू करायची. बोअरची पाइपही खालच्या टाकीतच सोडलेली. बिल्डरने दिलं तसं चालत आलेलं.

या इमारतीत जार शिरला तो महापुरात. कोल्हापूरकराला हे सांगायची गरज नाही, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी त्याच्याही पुष्कळ वर गेली, उपसा केंद्रं पाण्यात बुडाली आणि सगळीकडे पाणी असताना नळ मात्र कोरडे पडले. तेव्हा टँकर आणि जार हाच आधार होता. पूर ओसरला, नळ सुरू झाले, पण निम्म्या घरांत जार राहूनच गेला. २०२३ च्या अखेरीला काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ किलोमीटरची थेट पाइपलाइन पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत आली. त्यावर काहींनी जार बंद केला. काही म्हणाले, धरण चांगलंच आहे, पण मधल्या पाइपचं काय? प्रश्न रास्त होता. फक्त तो आपल्या फाटकाच्या आतल्या पाइपलाही विचारायला हवा होता, तो कुणी विचारला नाही.

अडचण

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. मग पहिल्या मजल्यावर, मग समोरच्या विंगमध्ये. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी बादलीतल्या गढूळ पाण्याचा फोटो टाकला आणि सगळा दोष नळाच्या पाण्यावर गेला. पार्किंगमध्ये तातडीची मीटिंग झाली. एका सभासदाने खिशातून टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) काढला. स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी ३८०, जारचं ४०. "बघा, नळाचं नऊपट घाण आहे," असं तो म्हणाला आणि तिथेच ठराव झाला. सगळ्यांनी जार घ्यायचे, पुरवठादार एकच, म्हणजे दरही कमी लागेल. तळाला तोटी असलेले थंड पाण्याचे जार, ३० रुपयांना एक.

तीन आठवडे झाले तरी जुलाब थांबले नाहीत. उलट जुलैच्या शेवटी एका कॉलेजच्या मुलाला कावीळ झाली. त्याच्या घरात जारशिवाय दुसरं पाणी पीतच नव्हते. त्याची आई मीटिंगमध्ये म्हणाली, "काय ओ, पैसे बी द्यायचे आणि आजारी बी पडायचं?" २०१२ ची इचलकरंजीतली काविळीची साथ या भागातल्या लोकांना चांगली आठवते. त्यामुळे कावीळ हा शब्द निघाला आणि सगळे घाबरले. त्यानंतर सचिवांनी मला बोलावलं. माझं काम पाण्याचे नमुने घेण्याचं आणि ते कुठे, कसे बिघडतात हे शोधण्याचं.

पहिला उलगडा: वॉचमनचा नळ

मी नमुन्याच्या बाटल्या काढायच्या आधी एक वही मागितली. घर, माणसं, कोण कधी आजारी पडलं, प्यायला काय, दात घासायला काय, भाजी कशाने धुता, बर्फ कशाचा. सचिवांना हे वेळ घालवणं वाटलं. पण वहीतून दोन गोष्टी पुढे आल्या.

जार घेणाऱ्या घरांतसुद्धा पिणं सोडून बाकी सगळं नळाच्याच पाण्यावर होतं. कोथिंबीर, काकडी, पेले विसळणं, चूळ भरणं. म्हणजे "आम्ही फक्त जारचं पितो" यातलं "फक्त" गळून पडलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. फाटकाशेजारच्या खोलीत वॉचमन, त्याची बायको आणि दोन लहान मुलं राहतात. त्यांच्यात कुणीही आजारी नव्हतं. वॉचमनमामांना विचारलं तर म्हणाले, "आमचं डायरेक्ट नळाचं हाय की. वरचं पाणी आमाला कुठं येतंय?" फाटकापाशी मीटरच्या अलीकडे-पलीकडे एक जुनी तोटी आहे, बांधकामाच्या वेळची. ती टाकीला जोडलेलीच नाही. महापालिकेचं पाणी आलं की तिथेच येतं. मामी पहिली पंधरा-वीस मिनिटं नळी जास्वंदीच्या झाडांना लावतात, मग कळशी घासून भरतात, ती माठात गाळून ओततात आणि माठावर झाकण ठेवून लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढतात. हात पाण्याला लागत नाही.

पहिलं पाणी झाडांना का, तर "गढूळ असतंय". त्यामागे कारण आहे. चोवीस तास पाणी नसलेल्या गावात पुरवठा बंद झाला की पाइपमधला दाब जातो. सांधा कुठे गळका असला, तर बाहेरचं पाणी त्याच फटीतून आत ओढलं जातं आणि पुढच्या पाळीला तेच आधी बाहेर पडतं. कुणी थेट लाइनला मोटर लावली असेल तर ही ओढ आणखी वाढते. मामींनी हे कुठे वाचलेलं नव्हतं, पण त्या करत होत्या ते बरोबर होतं.

चार माणसांचं एक घर म्हणजे पुरावा नव्हे. पण कुठे बघायचं ते त्याने दाखवलं. महापालिकेचं पाणी आणि स्वयंपाकघरातलं पाणी ही एकच गोष्ट आहे, असं सगळे धरून चालले होते.

तपासणी

सचिवांनी माझ्या आधीच एक नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवला होता, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत, बाटली नळाखाली विसळून. तिथे तो परत केला. ते योग्यच होतं. जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली लागते, तिच्यात क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, तोटी आधी निर्जंतुक करून थोडा वेळ वाहू द्यावी लागते आणि बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावी लागते. नाहीतर अहवाल पाण्याचा येतो की बाटलीचा, हे सांगता येत नाही.

मी सहा ठिकाणचे नमुने घेतले: फाटकाची तोटी, खालची टाकी, बोअर, वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर, गाडीतून उतरताच पकडलेला जार आणि एका घरात दोन दिवस वापरात असलेल्या जारची तोटी. तुलनेसाठी दुकानातून एक सीलबंद बाटलीही घेतली.

सुरुवात ओटी टेस्टने केली. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं. फाटकाच्या तोटीवर स्वच्छ पिवळा रंग, तक्त्याशी जुळवून सुमारे ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर. खालच्या टाकीत रंगच आला नाही. वरच्या स्वयंपाकघरात नाही. बोअरमध्ये नाही, आणि तिथे तो असायचं कारणही नव्हतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, म्हणतं की ग्राहकापर्यंत पोचताना किमान ०.२ क्लोरीन उरलेलं हवं. पाणी फाटकापर्यंत राखणदार घेऊन आलं आणि दहा पावलं पुढे टाकीत तो गळाला.

जारमध्येही क्लोरीन शून्य. आरओ करण्याआधी, म्हणजे क्षार अडवणाऱ्या बारीक पडद्यातून गाळण्याआधी, पाणी कार्बनमधून जातं आणि त्यात क्लोरीन निघून जातं, त्यामुळे हा दोष म्हणता येत नाही. पण याचा अर्थ असा की जार भरल्यानंतर त्यात काही पडलं, तर त्याला मारणारं आत काहीच नाही.

मग एचटूएसच्या कुप्या. पाणी भरून ठेवायचं, विष्ठेतून येणारे जंतू असले तर बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत काळं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सचिवांच्या टेबलावर खालची टाकी, बोअर, स्वयंपाकघर आणि वापरातला जार या चारही कुप्या शाईसारख्या काळ्या. गाडीतला जार तिसऱ्या दिवशी करडा झाला. फाटकाची तोटी आणि सीलबंद बाटली जशीच्या तशी. टीडीएस मीटरवाले सभासद त्या कुप्यांकडे बराच वेळ बघत होते.

प्रयोगशाळेचा अहवाल याच्याशी जुळला. टाकी, बोअर, स्वयंपाकघर आणि वापरातल्या जारची तोटी यांत ई. कोलाय, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण असलेला जंतू. गाडीतल्या जारमध्ये ई. कोलाय नाही, पण कॉलिफॉर्म, म्हणजे त्याच मोठ्या गटातले इतर जंतू, होते. थोडक्यात, जार येतानाच पुरता स्वच्छ नव्हता आणि घरात तो आणखी बिघडत होता. ती तोटी मी उघडून पाहिली होती. आत बोट फिरवलं तर बुळबुळीत थर हाताला लागला. जार बदलून मिळतो म्हणून त्याची तोटी कुणी धुतच नव्हतं.

आणि तो ३८० चा आकडा? फाटकाच्या तोटीवर टीडीएस दीडशेच्या आत होता. बाकीचे क्षार बोअरचे. टीडीएस मीटर विरघळलेले क्षार मोजतो, त्याला जंतू दिसत नाहीत. मानकात ५०० पर्यंत चालतं. त्या मीटिंगमध्ये मीटरने खरा आकडा दाखवला होता, पण त्यातून काढलेलं अनुमान चुकीचं होतं.

पर्याय

ऑगस्टच्या सभेत पाच गोष्टी टेबलावर होत्या.

आहे तोच सुटा जार चालू ठेवणं: महिन्याला सगळ्यांचे मिळून २१,६०० रुपये. अहवालानंतर हे बाकी कुणालाच नको होतं, पण एका आजींचं म्हणणं वेगळं होतं, "ते पाणी गोड लागतंय." लागतं खरं, क्षार कमी आणि गार असतं म्हणून.

सीलबंद २० लिटरचा जार: ८० रुपयांना एक, म्हणजे महिन्याला ५७,६००. इथे मी दोन प्रकारच्या जारांतला फरक समजावला, कारण तो बहुतेकांना ठाऊक नव्हता. सीलबंद पाणी हे कायद्याने अन्न आहे. त्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख लागते. त्याचं मानक, आयएस १४५४३, कागदावर नळाच्या मानकापेक्षा कडक आहे: नळाच्या १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय नसावा, बाटलीच्या २५० मध्ये नसावा. आयएसआय चिन्हाची सक्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये उठवली गेली, पण त्याच वर्षाच्या शेवटी हे पाणी जास्त जोखमीच्या अन्नगटात टाकलं गेलं, त्यामुळे कारखान्यांची तपासणी होते. तोटीचा सुटा जार मात्र पॅकबंद या व्याख्येतच बसत नाही. त्याला ना सील, ना तारीख. लोक बाटलीवरचा भरवसा जारवर टाकतात आणि पैसेही त्याच समजुतीने देतात.

घरोघरी आरओ: एक लिटर मिळवायला दोन-तीन लिटर वाया. जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओला मनाई करा, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्राला दिले होते. शिवाय तो सिंकखाली बसतो, तेव्हा भाजी आणि पेले त्याच्या अलीकडच्याच पाण्याने धुतले जाणार.

सोसायटीचा सामाईक आरओ: देखभाल कोण करणार, यावर सभा पाऊण तास भांडली आणि विषय तिथेच संपला.

टाकी दुरुस्त करणं: एकदाच खर्च, तोही सीलबंद जारच्या एका महिन्याच्या बिलापेक्षा कमी. पण आठवडाभर त्रास, पार्किंग रिकामं करायचं आणि "टाकी तर दर वर्षी धुतो की" म्हणणाऱ्यांची समजूत काढायची.

माझं मत शेवटच्या पर्यायाला होतं, आणि दुरुस्ती होईपर्यंत उकळलेलं पाणी. दुसरं मत दिलं ते इमारतीतल्या डॉक्टरवहिनींनी. काविळीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते सात आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. त्या मुलाला लागण जूनमध्येच झालेली असू शकते, जार यायच्या आधी. म्हणून त्याच्या काविळीचं खापर जारवर फोडू नका, आणि आज पाणी बदललं तरी महिनाभर नवा रुग्ण निघाला तर घाबरू नका. सभेत इतकं नेमकं दुसरं कुणी बोललं नाही.

काय केलं

त्याच संध्याकाळपासून पिणं, चूळ भरणं आणि कच्चं खाण्याचं धुणं, सगळं उकळलेल्या पाण्याने. खळखळून उकळी आली की एक मिनिट तशीच ठेवायची, मग झाकून गार करायचं.

टाकी उपसली. झाकण फरशीच्या बरोबरीने बसवलेलं, एक कोपरा तुटलेला, आणि गाड्या त्याच्याच बाजूला धुतल्या जात होत्या. तळाला चार बोटं गाळ. सगळ्यात वाईट दिसलं ते मागच्या भिंतीत: ड्रेनेजच्या चेंबरच्या बाजूला एक उभी चीर, तिच्यातून ओल झिरपत होती आणि पिंपळाची बारीक मुळं आत आली होती. मिस्त्री खाली उतरून म्हणाला, "सायेब, हे पानी तुमी पीत होता?"

चीर भरून आतून वॉटरप्रूफिंग केलं, चेंबरचा गळता सांधा बदलला, तोंडाला वीतभर उंच कट्टा आणि कुलपाचं लोखंडी झाकण बसवलं. बोअरची पाइप टाकीतून काढून संडासाच्या फ्लशला आणि बागेला वेगळी दिली. याला प्लंबरचे तीन दिवस गेले आणि दोन घरांच्या टाइल्स फुटल्या. त्यावरची कुरकुर अजून चालू आहे.

मग निर्जंतुकीकरण. टाकी भरून २५ टक्के क्लोरीनची २ किलो टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन. पावडर थेट टाकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी ओतायची. वरच्या टाक्यांतही त्याच हिशेबाने. प्रत्येक घराचा नळ वास येईपर्यंत सोडून बंद केला, रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी सगळं सोडून दिलं आणि ताजं पाणी भरलं. त्या रात्री ते पाणी कुणी तोंडात घालू नये म्हणून प्रत्येक मजल्यावर पाटी लावली आणि वॉचमनमामांनी दारं वाजवून सांगितलं.

एक निवृत्त शिक्षक वासावरून अडून बसले. क्लोरीन म्हणजे विष, असं त्यांचं म्हणणं. त्यांना आकडे दाखवून फारसा उपयोग झाला नाही. भांडं उघडं ठेवलं की तासा-दोन तासांत वास बराचसा उडतो, हे घरी करून पाहिल्यावर ते गप्प झाले, पटलं असं मात्र म्हणाले नाहीत.

पुढची व्यवस्था साधी ठेवली. दर रविवारी सगळ्यात लांबच्या, चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात ओटी टेस्ट. नववीतल्या दोन मुली करतात आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावर आकडा लिहितात. ०.२ पेक्षा कमी आला तर आधी फाटकाच्या तोटीवर बघायचं. तिथे ठीक असेल तर दोष आपल्या टाकीत, आणि पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम या मापाने. तिथेही शून्य असेल तर वॉर्ड ऑफिसला फोन.

परिणाम

सप्टेंबरच्या नमुन्यांत टाकी आणि स्वयंपाकघर दोन्ही स्वच्छ आले, ई. कोलाय नाही, क्लोरीन ०.३. जुलाबाचा नवा रुग्ण ऑगस्टच्या मध्यानंतर वहीत नाही. काविळीचा आणखी एक रुग्ण ऑगस्टच्या अखेरीला निघाला. वहिनींनी आधीच सांगून ठेवल्यामुळे ग्रुपवर गोंधळ झाला नाही.

याचं सगळं श्रेय दुरुस्तीला देता येणार नाही. पाऊस उतरला की जुलाब तसेही कमी होतात, आणि त्याच काळात घरोघर उकळणं चालू होतं. चिरेतून किती घाण आली, बोअरमधून किती, जारमधून किती, हेही वेगळं काढता आलं नाही, कारण आम्ही तिन्ही दारं एकदमच बंद केली. आजारी माणसं असताना एकेक दार बंद करून प्रयोग करत बसणं मला तरी पटलं नसतं.

निम्म्याहून जास्त घरं नळावर परतली, त्यातल्या काहींनी यूव्हीचा (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) छोटा फिल्टर बसवला. या टीडीएसला तो पुरतो. पाच-सहा घरं सीलबंद जार घेतात, तोटी आठवड्याला धुतात. आजी अजून सुटाच जार आणतात, नातू तो उकळून देतो.

वेगळं काय करता आलं असतं

जुलैच्या पहिल्या मीटिंगमध्ये फाटकाची तोटी आणि स्वयंपाकघर अशा दोन ठिकाणी ओटीचे थेंब टाकले असते, तर पाच मिनिटांत कळलं असतं की बिघाड आपल्याच आवारात आहे. बाटलीभर थेंब टीडीएस मीटरपेक्षा स्वस्त मिळतात. तसं न करता आधी पाणी बदललं गेलं, आणि बदललेल्या पाण्याची तपासणी कुणालाच सुचली नाही. त्याच मीटिंगमध्ये "तपासणी होईपर्यंत उकळा" एवढंच ठरलं असतं, तर ऑगस्टपर्यंतचे निम्मे आजार टळले असते, असं मला वाटतं.

जारच्या पुरवठादाराला जार उलटे करून धुताना दाखवा, असं कुणी म्हणालं नाही. दर ठरवताना मात्र तासभर घासाघीस झाली होती.

वही आधीपासून हवी होती. मी आलो तेव्हा लोक तीन आठवड्यांपूर्वीचं आठवून सांगत होते, आणि "आम्ही बाहेरचं काहीच खाल्लं नव्हतं" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकलं.

टँकरचा मुद्दा अजून सुटलेला नाही. मेमध्ये टंचाईत या टाकीत टँकर रिकामे झाले होते, त्यांचं पाणी कुठलं याची नोंद नाही. पुढच्या वेळी टँकर आला तर आधी नळीच्या तोंडाशी ओटी करायची आणि रंग आला नाही तर टाकीत पावडर टाकल्याशिवाय मोटर सुरू करायची नाही, असा ठराव मी लिहून दिला आहे. वार्षिक सभेत तो मांडला गेला, तेव्हा मोटरची किल्ली कुणाकडे राहणार यावर दोन विंगचं एकमत झालं नाही. सध्या ती वॉचमनमामांकडे आहे.